टॉर्पेडो मागे लागला की पहिल्या मिनिटात काय करायचं (कोल्ड वॉटर्स खेळणाऱ्यांसाठी सविस्तर)

मागच्या महिन्यात माझा मावसभाऊ अक्कलकोटहून सोलापूरला आला होता, दोन दिवस मुक्कामाला, आणि दोन्ही रात्री जेवण झालं की आम्ही कॉम्प्युटरसमोर. कोल्ड वॉटर्स, पाणबुड्यांच्या लढाईचा गेम. दोन रात्रीत त्याची पाणबुडी नऊ वेळा बुडाली आणि नऊच्या नऊ वेळा सेम पद्धतीनं बुडाली. सोनारवाला (म्हणजे यंत्रावर पाण्यातले आवाज ऐकणारा माणूस) ओरडला की टॉर्पेडो आला, की हा लगेच फुल स्पीड, एक नॉइजमेकर (टॉर्पेडोला फसवायला पाण्यात सोडायचा आवाजाचा डबा), अजून एक नॉइजमेकर, आणि शेपूट टॉर्पेडोकडे करून नाकासमोर सरळ पळत सुटायचा. दोन-तीन मिनिटात धडाम. शेवटी वैतागून मला म्हणतो, "दादा, नॉइजमेकर टाकलो की मी, तरी कसं काय लागतंय?" मी म्हटलं, "टाकलास खरं, पण टाकून तू गेलास कुठं बे?"

सगळी गोम त्या एका प्रश्नात आहे आणि हा लेख त्यावरच आहे. मी हा गेम २०१७ ला आला तेव्हापासून खेळतोय, १९८४ वाली कॅम्पेन तर किती वेळा केली त्याची मोजदाद नाही, बहुतेक वेळा लॉस एंजेलिस क्लासची अमेरिकन पाणबुडी घेऊन. जे खाली सांगतोय ते त्या अनुभवातलं आहे, पण यातलं बरंचसं पाण्याचं आणि आवाजाचं शास्त्र आहे, त्यामुळं तुम्ही दुसरा कुठला पाणबुडीचा सिम्युलेटर खेळत असाल तरी कामाला येईल.

आधी टॉर्पेडोला काय दिसतं ते समजून घ्या

आपण मॅपवर टॉर्पेडो बघतो म्हणून आपल्याला वाटतं की त्यालाही आपण दिसतोय. तसं नसतं. रात्री लाईट गेलेली आहे आणि एक माणूस शेतात बॅटरी घेऊन कुणाला तरी शोधतोय असं समजा. बॅटरीचा झोत समोर पडतो तेवढंच त्याला दिसतं, डावीकडे उजवीकडे थोडं, वरखाली थोडं, आणि लांब ठरावीक अंतरापर्यंत. झोताच्या बाहेर तुम्ही दहा पावलांवर उभे असाल तरी तो तसाच पुढं निघून जाणार. टॉर्पेडोच्या नाकात जो सीकर असतो त्याचं अगदी हेच. समोर शंकूसारखा एक भाग, त्याच्या आत जे येईल ते.

आणि ही बॅटरी सुरुवातीपासून चालू नसते. टॉर्पेडो सोडल्यावर तो आधी नुसताच पळतो, ठरवलेल्या ठिकाणी आला की सीकर चालू होतो आणि मग तो नागमोडी किंवा गोल फिरून शोधायला लागतो. त्यात काही टॉर्पेडो वायरवाले. म्हणजे शत्रूच्या बोटीपासून टॉर्पेडोपर्यंत बारीक वायर असते आणि तिकडचा माणूस त्याला वळवत तुमच्यापर्यंत आणतो. वायर तुटली की तो एकटा पडला, मग फक्त त्याचा झोत आणि तो.

म्हणजे तुमचं काम काय, तर त्याच्यापेक्षा जोरात पळायचं हे नाहीच, ते जमणारही नाही. त्याच्या झोतातून बाहेर निघायचं, आणि तो तुम्हाला पुन्हा शोधायला लागेल तेव्हा तुम्ही भलतीकडेच असलं पाहिजे. हे डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं जातं.

टॉर्पेडो येण्याच्या आधीच करायची कामं

मिशन सुरू झालं की पहिल्यांदा पाण्याची स्थिती बघा, लेअर (गरम आणि गार पाण्याच्या मधला पट्टा, खाली सांगतो) आहे का, किती फुटांवर आहे, तळ किती खोल आहे. हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा, खरंच कागदावर, कारण टॉर्पेडो आल्यावर मेनू उघडून बघायला वेळ नसतो.

लेअर म्हणजे काय हे ज्यांना कळत नाही त्यांनी मे महिन्यात विहिरीत पोहायला गेलेलं आठवावं. सोलापुरात ४२-४३ डिग्री ऊन, आम्ही पोरं मामाच्या मळ्यातल्या विहिरीत उड्या मारायचो. वर पाणी कोमट, अगदी आंघोळीच्या पाण्यासारखं, आणि दोन पुरुष खाली गेलं की एकदम पायाला बर्फासारखं गार लागायचं. हळूहळू गार होत जात नाही, एकदम एक पट्टा लागतो. छाती कोमट पाण्यात आणि पाय गार पाण्यात असं व्हायचं. समुद्रात तोच प्रकार, फक्त शेकडो फुटांवर. आणि आवाज गरम पाण्यात जोरात पळतो, गार पाण्यात हळू, त्यामुळं त्या पट्ट्यावर आला की तो वाकतो, बराचसा परत फिरतो. वरच्याचं खाली नीट ऐकू जात नाही, खालच्याचं वर येत नाही. म्हणून लेअर ही तुमची भिंत आहे, फुकटात मिळालेली, आणि टॉर्पेडो आल्यावर ती नेमकी कुठं आहे हे शोधत बसायचं नाही, आधीच माहीत पाहिजे.

दुसरं म्हणजे, शत्रू जवळपास आहे असं वाटत असेल तेव्हा लेअरच्या अगदी शंभर-दोनशे फूट वर किंवा खाली राहा, म्हणजे ओलांडायला वेळ लागत नाही. मी शक्यतो खालीच राहतो. खोलवर पाण्याचा दाब जास्त असतो, त्यामुळं पंख्याभोवती बुडबुडे लवकर होत नाहीत, ज्याला कॅव्हिटेशन म्हणतात. वर ज्या स्पीडला पंखा खळखळाट करतो त्याच स्पीडला खाली तो शांत असतो. पळायची वेळ आली तर हा फरक फार मोठा आहे.

तिसरं, नॉइजमेकर, रडर (बोट वळवायचं सुकाणू), डेप्थ आणि स्पीड यांच्या कीज सेटिंगमध्ये बघून पाठ करा. अंधारात हाताचं बोट बरोबर कीवर पडलं पाहिजे.

पहिला मिनिट

सोनारवाल्यानं टॉर्पेडो सांगितला की आधी टाइम कॉम्प्रेशन, म्हणजे गेमचा वेळ जोरात पळवायची सोय, बंद. अर्ध्या पोरांची बोट इथंच जाते, वेळ चौपट चालू असतो आणि समजेपर्यंत टॉर्पेडो हजार यार्डांवर.

मग बेअरिंग बघा, म्हणजे तो कुठल्या दिशेला आहे त्याचा आकडा. अंतर लगेच कळत नाही, बेअरिंग लगेच कळतं. आता इथं एक गोष्ट जी मला फार उशिरा समजली. होटगी रोडला तुम्ही गाडीवर निघालाय आणि बाजूच्या रस्त्यानं एक ट्रक येतोय. ट्रक जर तुमच्या नजरेत पुढं किंवा मागं सरकत असेल तर तो तुमच्या पुढून किंवा मागून जाणार. पण तो आरशाच्या कडेला जिथं दिसत होता तिथंच दिसतोय आणि नुसता मोठा मोठा होतोय, तर टक्कर ठरलेली. जहाजावरची माणसं हाच नियम शेकडो वर्षं वापरतात. टॉर्पेडोचं बेअरिंग सरकत असेल तर तो दुसरीकडे चाललाय किंवा अजून त्याला तुम्ही सापडला नाहीत. बेअरिंग खिळल्यासारखं एकाच आकड्यावर आणि आवाज वाढतोय, तर तो तुमच्याकडेच येतोय. अर्धा मिनिट बघितलं तरी कळतं.

ते बघताबघताच वळायला लागा. कुठं वळायचं? बोट म्हणजे घड्याळ समजा, नाक १२ वर, शेपूट ६ वर. टॉर्पेडो ५ वर किंवा ७ वर येईल असं वळा. बरोबर ६ वर घेऊ नका, मावसभाऊ तेच करत होता. कारण तुमच्या शेपटामागं तुमच्याच पंख्याचा आवाज असतो, तिथं तुमचा सोनार बहिरा, म्हणजे जो मारायला येतोय तोच दिसेनासा होतो. ५ वर ठेवला की तो दिसतो आणि पळायचा स्पीडही फारसा वाया जात नाही. ३० नॉटनं (नॉट हे जहाजाच्या स्पीडचं माप) पळत असाल तर त्याच्यापासून लांब जायचा स्पीड साधारण २६ मिळतो. ४ वर ठेवला तर तोच एकदम १५ वर येतो, निम्मा. मी कित्येक दिवस ४ वर ठेवायचो आणि कळत नव्हतं की इतका लवकर कसा गाठतोय.

वळताना फुल रडर मारला की बोटीचा स्पीड बराच पडतो हेही लक्षात असू द्या. लांब असेल तर अर्ध्या रडरनं वळा, स्पीड सांभाळून. फुल रडर जवळ आल्यावरच.

पळून सुटणार का, हिशोब

नौदलात तीन मिनिटांचा नियम म्हणून एक आहे, फार कामाचा. जितके नॉट स्पीड, त्याला शंभरनं गुणा, तितके यार्ड तीन मिनिटात. ३० नॉटला ३००० यार्ड, ४० नॉटला ४०००. बास, एवढंच, कॅल्क्युलेटर नको.

आता उदाहरण घ्या. सोव्हिएत सेट-६५ टॉर्पेडो, ४० नॉटचा, साधारण १६ किलोमीटर पळतो म्हणजे १७५०० यार्ड. तुम्ही ३० नॉटनं लांब पळताय. तर तो दर तीन मिनिटाला तुमच्या हजार यार्ड जवळ येणार. त्याचा सगळा पल्ला संपायला त्याला १३ मिनिटं लागतात, तेवढ्यात तो तुमच्या जवळ येतो फक्त ४४०० यार्ड. म्हणजे सोडल्या सोडल्या तुमच्यात आणि त्याच्यात ४४०० पेक्षा जास्त अंतर असेल, आणि तुम्ही लगेच वळून पळायला लागला असाल, तर तो तुमच्यापर्यंत येतच नाही, मधेच त्याचा दम संपतो. पण हा आकडा सरळ पळायचा आहे, वळण्यात आणि स्पीड पकडण्यात जो वेळ जातो तो धरून मी ६००० धरतो. ५ वर ठेवून पळणार असाल तर अजून थोडं वाढवा. ६००० च्या पुढं असेल तर शांतपणे पळा, नॉइजमेकर वाया घालवू नका. नॉइजमेकर मोजकेच असतात आणि अख्ख्या मिशनला पुरवायचे असतात.

५० नॉटवाला असेल तर हिशोब बदलतो, तो दर तीन मिनिटाला दोन हजारानं जवळ येतो, ६००० यार्ड नऊ मिनिटात संपवतो. त्याच्यापासून नुसतं पळून सुटका नाही. मग पुढचं सगळं लागतं.

नॉइजमेकर, इथंच सगळे चुकतात

आमचं घर पूर्व भागात, शेजारच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना, टॉवेलचा. लहानपणापासून ती खटखट ऐकत मोठं झालो, झोपही त्याच आवाजात लागते, माग बंद पडले की उलट जाग येते. तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, मी बघितलाय, वीस माग एकदम चालू, शेजारी उभ्या माणसाचं बोललेलं ऐकू येत नाही, आणि तो दारातून आत पाऊल टाकतानाच म्हणायचा, सातव्या मागाचा धोटा नीट बसत नाहीये. जाऊन बघितलं तर खरंच सातवाच. पण त्याच जॉबरच्या कानाजवळचा एक माग दणदणत असेल तर मग पलीकडचं त्यालाही कळायचं नाही, तो आधी दोन पावलं पुढं जायचा, त्या मागाला मागं टाकायचा आणि मग पुन्हा कान द्यायचा.

नॉइजमेकर म्हणजे पाण्यात चालू करून सोडलेला एक माग आहे. टॉर्पेडोचा कान त्यानं भरून जातो, तो त्याच्यामागं जातो. पण किती वेळ? त्याच्याजवळ पोचेपर्यंत. त्याला पार करून पुढं गेला की आवाज मागं पडला, कान मोकळा झाला आणि तो पुन्हा समोर शोधायला लागला. आता सांगा, तुम्ही नॉइजमेकर टाकून नाकासमोर सरळ पळत असाल तर टॉर्पेडो त्यातून बाहेर आल्यावर त्याच्या बरोबर समोर कोण असणार? तुम्हीच. मावसभावाच्या नऊच्या नऊ बोटी अशाच गेल्या.

तर पद्धत अशी. टॉर्पेडो लांब असताना टाकू नका, त्याचा आवाज संपून जातो. पिंग ऐका. ॲक्टिव्ह टॉर्पेडो, म्हणजे स्वतः आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा, शोधत असताना टिंग... टिंग... असा सावकाश पिंग मारतो, तुम्ही सापडलात की तो घाईघाईनं मारायला लागतो. पिंग जलद झाला म्हणजे त्यानं तुम्हाला धरलंय. अंतर दीड ते दोन हजार यार्डाच्या आसपास आलं, पिंग जलद आहे, तेव्हा पहिला नॉइजमेकर. टाकला की लगेच, त्याच श्वासात, बाजूला वळा, साठ ते नव्वद अंश, आणि डेप्थ बदला. टॉर्पेडोपासून नॉइजमेकरपर्यंत एक रेघ मनात काढा, ती पुढं वाढवा, त्या रेघेवर तुम्ही असता कामा नये. जितके बाजूला जाल तितकं चांगलं. वळून झालं की पुन्हा ५ वर किंवा ७ वर.

फुल स्पीडला फुल रडर मारला की पाण्यात एक भोवरा तयार होतो, त्यावरही पिंग आदळून परत येतो, म्हणजे तुमच्या वळण्याचाच एक छोटा खोटा निशाणा बनतो. म्हणून नॉइजमेकर टाकून त्याच्या आधाराने जोरात वळणं हे दोन्ही एकत्र चांगलं काम करतं.

दुसरा नॉइजमेकर कधी? टॉर्पेडो पहिल्याला पार करून पुन्हा तुमच्याकडे वळला आणि पिंग पुन्हा जलद झाला तरच. सवयीनं टाकू नका.

खोली

माझ्या मते नवीन माणूस डावं-उजवं खूप करतो आणि वर-खाली विसरतो. मॅप सपाट असतो ना, त्यामुळं. पण झोत वरखालीही अरुंदच असतो, आणि तुमच्याकडे शेकडो फूट आहेत. नॉइजमेकर टाकताना मी लेअरच्या वर असेन तर खाली जातो, खाली असेन आणि तळ जवळ असेल तर वर येतो. टॉर्पेडो आवाजाच्या खोलीवरच राहतो, तुम्ही तीनशे फूट खाली भिंतीपलीकडे. यात बऱ्याचदा तो तुमच्या डोक्यावरून निघून जातो आणि ते ऐकताना अंगावर काटा येतो, पिंग डावीकडून येतोय, मग वर, मग उजवीकडे, आणि मग सावकाश होत होत लांब.

दोन काळज्या घ्या. फुल स्पीडला नाक जास्त खाली केलं तर ठरवलेल्या खोलीच्या पुढं बोट जाते, थांबवायला वेळ लागतो, म्हणून बोटीच्या मर्यादेच्या शंभर-दीडशे फूट आधीच नाक वर घ्यायला लागा. आणि वर येताना कॅव्हिटेशन सुरू होतं, स्पीड आधी कमी करा मग वर या.

गप्प राहायचं की पळायचं

टॉर्पेडो दोन तऱ्हेनं शोधतो. पॅसिव्ह म्हणजे नुसता कान देऊन, तुमच्या आवाजावर. ॲक्टिव्ह म्हणजे स्वतः पिंग मारून त्याचा प्रतिध्वनी ऐकून. पिंग येत नसेल आणि टॉर्पेडो आहे हे माहीत असेल तर तो पॅसिव्ह असू शकतो किंवा अजून सीकर चालू झालेला नसेल, अशा वेळी नॉइजमेकर टाकून, वळून, एकदम पाच नॉटवर येणं फार कामाला येतं, तो आवाजाच्या डब्यामागं जातो आणि तुम्ही शांतपणे बाजूला सरकता. पिंग येत असेल तर गप्प बसून काही उपयोग नाही, तुमच्या लोखंडावरून आवाज परत जाणारच, तिथं हललंच पाहिजे.

उलट फायर करा, आणि लवकर करा

टॉर्पेडो ज्या बेअरिंगवरून आला त्या बेअरिंगवर लगेच एक आपलाही सोडा. नेम धरायची गरज नाही. शत्रूला तो ऐकू गेला की त्याला स्वतःचा जीव वाचवायला वळून पळावं लागतं, पळाला की त्याची वायर तुटते, आणि तुमच्यामागं आलेला टॉर्पेडो एकटा पडतो. अनाथ टॉर्पेडो चुकवणं खूप सोपं. म्हणून मी शत्रूच्या इलाख्यात फिरताना एक ट्यूब, म्हणजे टॉर्पेडो सोडायची नळी, कायम भरून तयार ठेवतो. आधी सोडा, मग जोरात वळा, उलट केलं तर तुमचीच वायर तुटते. आणि आपल्या टॉर्पेडोचा सीकर फार जवळ चालू होईल असं ठेवू नका, तो फिरून तुमच्याकडेच यायचा.

मॉस डिकॉय, म्हणजे पाणबुडीसारखा आवाज करत पळणारं खोटं सोंग, असेल तर तेही, पण ते ट्यूबमधून सुटतं, आधी भरून ठेवावं लागतं, आयत्या वेळी होत नाही.

एकापेक्षा जास्त असतील तर

याला खरा इतिहास आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ९ फेब्रुवारी १९४५, नॉर्वेच्या फेड्ये बेटाजवळ ब्रिटिश पाणबुडी व्हेंचरर आणि जर्मन यू-८६४, दोघीही पाण्याखाली. जर्मन बोट नागमोडी चालली होती. व्हेंचररच्या कॅप्टननं, जेम्स लाँडर्स त्याचं नाव, बराच वेळ तिच्या मागं राहून तिची वळणं मोजली, पुढं ती कुठं असेल याचा अंदाज बांधला आणि चार टॉर्पेडो वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खोलीवर सोडले. यू-८६४ ला ते ऐकू गेले, तिनं खोली बदलली, वळली, पहिले तीन चुकवले, आणि चुकवता चुकवता चौथ्याच्या वाटेत गेली. ७३ माणसं होती, सगळी गेली. दोन्ही पाणबुड्या पाण्याखाली असताना एकीनं दुसरीला बुडवल्याचा इतिहासातला हा एकच प्रसंग. ते टॉर्पेडो सरळ जाणारे होते, आपल्या गेममधल्यासारखे शोधणारे नव्हते, तरी चूक तीच होते.

खेळताना मी हे आठवतो. आपल्याकडे आयएनएस खुकरी ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ टॉर्पेडो लागून गेली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोटीवरच राहिले. ती पाणबुडी नव्हती, फ्रिगेट म्हणजे पाण्यावरची युद्धनौका होती, पण टॉर्पेडो म्हणजे काय हे त्या दिवशी कळतं. माउस हातात धरून शिकतोय ते कुणीतरी जीव देऊन शिकलंय.

तर दोन-तीन टॉर्पेडो असतील तर सगळ्यात जवळच्याकडेच बघत बसू नका. सगळ्यांची बेअरिंग बघा, सगळे एका बाजूला येतील असं वळा. दोघांच्या मधे सापडला असाल तर जो लांबचा आहे त्याच्या बाजूला पळू नका, दोघांनाही ४-५ किंवा ७-८ च्या पट्ट्यात आणायचा प्रयत्न करा. आणि एकाला चुकवायला ज्या बाजूला वळताय तिथं दुसरा येऊन बसणार नाही ना, हे वळायच्या आधी बघा. दोन्ही एकदम आले तर दोघांच्या मधल्या रेघेत एकच नॉइजमेकर पुरतो.

वरून पडणारे

हेलिकॉप्टर किंवा विमान टॉर्पेडो टाकतं, किंवा जहाजावरून सायलेक्स क्षेपणास्त्र सुटतं आणि तुमच्या डोक्यावर येऊन टॉर्पेडो सोडतं. इथं आधी सूचना मिळत नाही, पाण्यात धप्प आवाज होतो आणि तो तिथंच गोल फिरून शोधायला लागतो. अंतर कमी, विचार करायला वेळ नाही. ज्या बाजूला पडला त्याच्या उलट बाजूला तोंड करा, लेअर ओलांडा, निघताना एक नॉइजमेकर. तो गोल फिरत असल्यामुळं पहिल्या अर्ध्या मिनिटात तुमची बाजू त्याच्या झोतात नसण्याची शक्यता असते, तेवढ्यात जितकं लांब जाता येईल तितकं जा. समोरच पडला तर त्याच्या खालून जायचा मोह आवरा.

जहाजाच्या सहा किलोमीटरच्या आत गेलात तर आरबीयू-६००० चे रॉकेट येतात, ते काही शोधत नाहीत, नुसते येऊन पडतात. त्यावर उपाय म्हणजे स्पीड, खोली, आणि तिथून निघणं.

चुकल्यानंतर

पिंग लांब गेला म्हणून लगेच नॉर्मल होऊ नका. टॉर्पेडोचा पल्ला संपेपर्यंत तो फिरत राहतो आणि पुन्हा तुमच्याकडे तोंड करू शकतो. वर जो हिशोब सांगितला त्यानं किती मिनिटं झाली ते बघा, घड्याळ लावा. पल्ला संपला की स्पीड कमी करून, हळूहळू वळून मागं कान द्या, कारण इतका वेळ तुम्ही जोरात पळताना तुमचा सोनार जवळजवळ बहिरा होता आणि शत्रू त्या वेळात कुठं गेला हे तुम्हाला माहीत नाही. त्याला मात्र तुम्ही कुठं पळालात ते चांगलं ऐकू गेलंय.

जवळ फुटला आणि पाणी आत आलं तर सगळं संपलं असं नाही. स्पीड असेल तर नाक वर ठेवून पंख्याच्या जोरावर वर या, ब्लो, म्हणजे टाक्यांतलं पाणी हवेच्या जोरावर बाहेर ढकलणं, हा शेवटचा उपाय, कारण ब्लो केलं की वर जाणं थांबवता येत नाही आणि वर जहाजं वाट बघत असतात.

सराव कसा करायचा तेही सांगतो. एकच शत्रू पाणबुडी असलेलं मिशन घ्या, तुम्ही एकही टॉर्पेडो सोडायचा नाही, फक्त चुकवायचे. वहीत चार रकाने करा: कळलं तेव्हाचं अंतर, पहिला नॉइजमेकर कधी टाकला, लेअर ओलांडली का, आणि लागला की चुकला. दहा वेळा करा. मावसभावाला मी हेच दिलं करायला, वही घेऊन अक्कलकोटला गेला. परवा रात्री अकराला त्याचा फोन, दहातले सात चुकवलो म्हणाला, पण जे तीन लागले ते तिन्ही नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात. मी विचारलं तळ किती होता, तर सांगेना, बघितलाच नव्हता. बॅरेंट्स समुद्र सरासरी २३० मीटरच खोल आहे, कुठं कुठं त्याहून कमी. तिथं लेअरच्या खाली जायला जागाच पुरत नाही बऱ्याचदा, तर तिथं डावं-उजवं जास्त, नॉइजमेकर जास्त, आणि पळायला लागायच्या आधी मॅपवर खोल पाण्याची बाजू बघून ठेवायची आणि शक्य तितकं तिकडंच पळायचं. तळाला चिकटून सावकाश गेलं तर तळावरून येणाऱ्या प्रतिध्वनीत आपला प्रतिध्वनी मिसळायला मदत होते, पण स्पीड ठेवून तळाजवळ जायचं नाही, एक चूक झाली की टॉर्पेडो लागत नाही, तळ लागतो. म्हणाला, "मग आजच बघतो की दादा." सव्वाअकरा वाजले होते.